आधी घोटाई, मग कवच

जयपूरजवळच्या आमेरच्या महालांतील कित्येक भिंती संगमरवरासारख्या तुळतुळीत आहेत. ही करामत ‘आराइश’ नावाच्या चुन्याच्या गिलाव्याची. गिलावा ओलसर असतानाच कारागीर तो अकीक दगडाने घोटतो; खोबरेलाचा हात त्यानंतर. घोटाईतील उणीव तेलाने झाकली जात नाही.

मोटारीच्या रंगालाही हाच क्रम लागू पडतो. राजस्थानच्या धुळीत रंगाहून कितीतरी कठीण असे गारेचे कण असतात. कोरड्या फडक्याने ते पुसले की रंगावर बारीक चरे उमटतात. म्हणून सावलीत, भरपूर पाण्याने धूळ आधी वाहून जाऊ द्यावी. नंतर मोटारीसाठीच्या साबणाने हलक्या हाताने धुवावे. चरे असतील तेवढ्याच भागाला पॉलिश करावे आणि शेवटी मेणाचा पातळ थर द्यावा.

पॉलिश चरा भरून काढीत नाही. त्याच्या भोवतालचा थर झिजवून तो नाहीसा करते. आजच्या मोटारींवरील पारदर्शक थर सुमारे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. तो झिजून गेला, की पुन्हा रंगकाम करण्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा धुण्यात आळस नसावा आणि घासण्यात हौस नसावी, हेच बरे.