तोंड आले म्हणून शेक थांबवू नका

कोकणातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या शौहरांना जिभेचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झाले, आता मुंबईत शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू आहे. चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटले आहे, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी येते. "बस झाले, घरी चला," असा त्यांनी हट्ट धरला आहे. त्यातच एका नातेवाइकाने मोबाइलवर कळवले की मेलाटोनिनच्या गोळ्यांनी तोंड बरे होते. भगिनी विचारतात, "गोळ्या आणू का?"

भगिनी, आधी शौहरांच्या हट्टाबद्दल बोलू. शेक मध्येच थांबवू नका. खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. तोंडाच्या आतली त्वचा नाजूक असते आणि सतत नवी होत असते. शेक आणि केमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात, त्यात तीही भरडली जाते. डोक्या-मानेवर शेक घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे तोंड येते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते सुरू होते आणि शेक संपल्यावर काही आठवड्यांत भरून येते. म्हणजे हा त्रास मोठा असला, तरी संपणारा आहे.

आता मेलाटोनिन. रात्र झाली की मेंदूतील एक छोटी ग्रंथी हे द्रव्य रक्तात सोडते, त्याने शरीराला झोपेची वेळ कळते. अमेरिकेतील डॉ. ॲरन लर्नर यांनी 1958 मध्ये ते गुरांच्या ग्रंथींतून वेगळे केले. पुढे 1993 मध्ये दिसले की पेशींची नासधूस करणाऱ्या घातक कणांनाही ते निष्प्रभ करते. शेकाने तोंडात असेच कण तयार होतात, म्हणून संशोधकांचे लक्ष त्याकडे गेले. स्पेनमधील ग्रॅनाडा येथे उंदरांच्या जिभेवर 3 टक्के मेलाटोनिनचे जेल लावून पाहिले, तेव्हा जखमा कमी झाल्या.

माणसांवरचे प्रयोग मात्र अजून लहान आहेत. थायलंडमध्ये 39 रुग्णांवर झालेला प्रयोग 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. शेकाआधी मेलाटोनिनच्या गुळण्या आणि रात्री 20 मिलिग्रॅमची कॅप्सूल घेणाऱ्यांना तीव्र जखमा उशिरा झाल्या, मॉर्फिनही कमी लागले. स्पेनमध्ये 84 रुग्णांवर झालेल्या प्रयोगात काहींना जेलच्या गुळण्या दिल्या. त्यांच्यात तीव्र जखमा थोड्या कमी दिसल्या, पण तो फरक योगायोगाचा नाही असे म्हणण्याइतका मोठा नव्हता. म्हणून उपचारांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत मेलाटोनिनची शिफारस अजून नाही.

तेव्हा गोळ्या आपल्या मनाने आणू नका. तोंडात लावायचे जेल आणि दुकानातली झोपेची गोळी एकच नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांशी ती अडखळू शकते. मोबाइलवरचा तो निरोप डॉक्टरांनाच दाखवा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आजपासून करता येण्यासारखे बरेच आहे. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा हलक्या गुळण्या करायला द्या. मिस्वाकची सवय असेल, तर तोंड बरे होईपर्यंत अगदी मऊ ब्रश वापरू द्या. तंबाखू, मिश्री, सुपारी पूर्ण बंद. तिखट, आंबट, गरम काही नको. मऊ भाताची पेज, गार केलेली यखनी, दही, शेवयांची पातळ खीर चालेल. आपल्या घरात मधाला शिफा मानतात. शेकाने तोंड येऊ नये म्हणून मधाचा उपयोग होऊ शकतो, असे ही नियमावलीही सुचवते. मधुमेह असेल तर मात्र आधी विचारा, आणि मधानंतर थोड्या वेळाने चूळ भरू द्या. बेन्झिडामिनच्या गुळण्या आणि सौम्य लेझर हे उपायही आहेत, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

100.4 च्या वर ताप आला, पाणीही गिळवेना, किंवा तोंडातून रक्त थांबेना, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. काही दिवस नाकातून नळी घालायची वेळ आली, तर ती हार समजू नका. त्या नळीने अंगात ताकद राहते आणि शेक पूर्ण होतो.

आपली माणसे दुखणे सोसतात आणि डॉक्टरांसमोर "ठीक आहे" म्हणतात. भगिनी, ते गप्प बसले तर तुम्ही बोला. काल किती घास गेले, किती पाणी गेले, रात्री किती झोप लागली, हे वहीत लिहून न्या. दुखणे कळले, तरच डॉक्टर त्यावर औषध देतील. अल्लाह त्यांना शिफा देवो, आमीन.