पाणी अडवले, पण वाटले कुणाला?

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या अनेक गावांत ओळखीची लगबग सुरू होते. ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्याची पोती, पांघरुणे आणि लहानगी पोरे चढतात. ऊसतोडीचा हंगाम लागलेला असतो. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जिथे कारखान्याचे बॉयलर पेटतील तिथे जायचे. नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणतात; एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल लग्नात, आजारपणात किंवा घराच्या पत्र्यांत कधीच संपलेली असते. ती फिटेपर्यंत फडात राबायचे. मागे गावात राहतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या जिवावर सोडलेली शाळकरी नातवंडे.

गावात पाणी नाही म्हणून ही माणसे घर सोडतात आणि जे पीक तोडायला जातात, ते सर्वांत जास्त पाणी पिणारे पीक असते! राज्याच्या पेरणीखालच्या जमिनीपैकी जेमतेम चार टक्के जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाचे जवळजवळ सत्तर टक्के पाणी तो पितो, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच नोंदवले आहे. शिवाय ऊस फक्त नदीकाठच्या सुपीक पट्ट्यात आहे असेही नाही. लातूरकरांची तहान भागवण्यासाठी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या मराठवाड्यातही तो आहेच.

म्हणून दुष्काळी भागातल्या दारिद्र्याचा विचार करताना ‘पाऊस किती पडला?’ या प्रश्नापाशी थांबून चालत नाही. ‘पडलेले पाणी कुणाला मिळाले?’ हा त्याहून अवघड प्रश्न विचारावा लागतो.

हिशेब चारशे कोटी लिटरचा

साधे गणित करून पाहू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होते. एखाद्या गावाचे शिवार हजार हेक्टरांचे आहे आणि वर्षाला केवळ चारशे मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तरी त्या शिवारावर चारशे कोटी लिटर पाणी पडते. गावात दीड हजार माणसे आहेत आणि प्रत्येकाला रोज ५५ लिटर पाणी द्यायचे आहे. तर वर्षाला लागेल सुमारे तीन कोटी लिटर. म्हणजे एक टक्काही नाही. बरेचसे पाणी वाहून जाते, उडून जाते, पिके पितात, हे खरेच. तरीही अशा गावात मार्च महिन्यात टँकर यावा लागत असेल, तर सगळा दोष आभाळाच्या माथी मारता येणार नाही.

हे महाराष्ट्राला १९७२च्या दुष्काळाने शिकवले. खडी फोडणारे हात आणि सुकडीसाठी रांगेत उभी राहिलेली मुले घरातल्या वडीलधाऱ्यांना आजही आठवतात. त्या आपत्तीतूनच एक मोठी गोष्ट उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूर येथे मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. दुष्काळात त्याला राज्यव्यापी रूप आले. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याचा खर्च भागवण्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. आपल्या पगारपत्रकावर दरमहा कापले जाणारे दोनशे रुपये दिसतात ना, त्यांचे मूळ दुष्काळी माळरानावर आहे. पुढे २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव पाठीशी होता.

या योजनेने उपासमार टाळली, बाईच्या हाती तिच्या नावाची मजुरी दिली. पण तिच्यात एक खोट राहून गेली. मजुराने बांध घातला, पाझर तलाव खोदला; पाणी मात्र वाढले ते खालच्या अंगाला ज्याची विहीर होती त्याचे. भूमिहीनाला मिळाली काही आठवड्यांची मजुरी आणि बागायतदाराला मिळाले कायमचे पाणी. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा गावोगावच्या भिंतींवर रंगली. ‘पाणी वाटा’ हे तिसरे वाक्य मात्र कुणी लिहिले नाही.

माणशी अर्धा एकर

कुणीच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे १९७२चा दुष्काळ पाहून अस्वस्थ झाले आणि पुरंदर तालुक्यातल्या नायगावी देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन कराराने घेऊन कामाला लागले. त्यातून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. तिचे नियम थोडे होते, पण मुळाशी हात घालणारे होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकराचे आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही हक्क राहील. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस लावायचा नाही. आणि खर्चाचा वाटा लाभधारकाने स्वतः उचलायचा.

ज्याची जमीन त्याची विहीर आणि ज्याची विहीर त्याचे पाणी, या आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतीला हा सरळ छेद होता. २००२ साली साळुंखे गेले. त्यांचे कौतुक सर्वांनी केले. त्यांचे नियम मात्र राज्याच्या पाणीधोरणाचा कणा झाले नाहीत.

दुसरे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले तेव्हा गाव व्यसनाने आणि स्थलांतराने पोखरलेले होते. तिथे चर खणले, बंधारे झाले, झाडे लावली. पण अशी कामे इतरत्रही झाली होती. हिवरे बाजारचे वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. दरवर्षी पाऊस मोजायचा आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे. मग उरलेल्यावर कोणती पिके आणि किती, ते ठरवायचे. शेतीसाठी कूपनलिकेला बंदी, ऊस आणि केळीलाही बंदी. पाऊस कमी तर पेरा कमी. १९९५ साली गावातली १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पंधरा वर्षांत ती तीनवर आल्याची नोंद आहे. शहरात गेलेली माणसे परत आली.

यंत्रे आली, ताळेबंद राहिला

या दोन उदाहरणांपुढे सरकारी वाटचाल ठेवून पाहावी. २०१४ अखेर ‘जलयुक्त शिवार’ सुरू झाले. २०१९ पर्यंत राज्य टंचाईमुक्त करण्याचा संकल्प होता. नऊ हजार सहाशे कोटींहून अधिक रुपये खर्च झाले आणि २०२० साली ‘कॅग’ने अहवाल दिला की भूजल वाढवण्यात योजनेला फारसे यश आले नाही. नाले खोल झाले, रुंद झाले. पण उपशावर बंधन नव्हते. शेततळ्यांचेही तेच. तळे पावसाचे पाणी साठवण्यासाठी असते; अनेक ठिकाणी मात्र प्लास्टिकचे अस्तर घालून विहिरी-कूपनलिकांचे पाणी उपसून त्यात भरले गेले. जमिनीच्या पोटातले, साऱ्या गावाचे पाणी एकाच्या बांधात आले आणि वर उन्हात उडू लागले. भूजलाचे नियमन करणारा राज्याचा कायदा २००९ सालचा आहे. गावपातळीवर त्याची जरब कितीशी जाणवते?

अर्थात, ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला खलनायक ठरवणे सोपे आणि चुकीचे आहे. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे आणि ठरलेले गिऱ्हाईक आहे. ज्वारी-बाजरी, तूर पिकवणाऱ्याला हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने खरेदी होईल याची खात्री नसते. शहाणा शेतकरी काय लावील? कोरडवाहू पिकाला भावाची खात्री दिल्याशिवाय त्याला पाण्याचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

‘प्रत्येक गावाला पोपटराव कुठून आणायचे?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. तो रास्त आहे. पण चांगला माणूस मिळण्याची वाट पाहावी लागू नये, म्हणूनच तर कायदे आणि नियम असतात! पाण्याचा ताळेबंद मांडल्याशिवाय जलसंधारणाचा पैसा मिळणार नाही, आणि सार्वजनिक पैशातून वाढलेल्या पाण्यात भूमिहीनांचा वाटा राहील, एवढ्या दोन अटी सरकारला घालता येतात. त्यासाठी नवे धरण लागत नाही. लागते ते गावातल्या बड्या विहीरवाल्याला नाराज करण्याचे धैर्य. अडचण नेमकी तिथेच आहे.

आता तर निसर्गही सवड देईनासा झाला आहे. टँकरसाठी ओळखल्या जाणाऱ्या मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये पुराने उभी पिके आणि शेतातली मातीही वाहून नेली. कधी थेंब नाही, कधी अतोनात. अशा लहरी पावसात मोठा शेतकरी एखादे वर्ष सोसू शकतो. ज्याच्याकडे ना विहीर ना साठवण, तो पुन्हा मुकादमाच्या दारात उभा राहतो.

आपल्या सकाळच्या चहात पडणारी साखर याच वाटेने घरात येते. चहा सोडावा असे कुणी म्हणत नाही. पण निवडणुकीत कुणी ‘दुष्काळमुक्ती’चे आश्वासन घेऊन आले, तर किती बंधारे बांधणार हे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: त्या पाण्यात ज्याला जमीन नाही त्याचा वाटा किती?