वर कुणी आहे का?
युक्रेनच्या आघाडीवर पायदळाची तुकडी पुढची झाडी ओलांडण्याआधी आता रेडिओवर विचारून घेते, वर कुणी आहे का? वर म्हणजे लग्नाच्या शूटिंगला वापरतात तसलाच चार पंख्यांचा ड्रोन. त्याचा चालक जवळच्या तळघरात, शेजारी नकाशा सांभाळणारा साथीदार. २०१४ साली ‘एरोरोझविद्का’ या गटाच्या स्वयंसेवकांनी ड्रोनने अशी टेहळणी सुरू केली आणि २०२४ मध्ये तिथे मानवरहित यंत्रणांचं स्वतंत्र दलच उभं राहिलं. मला मोलाचे वाटतात ते यामागचे कष्ट. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून ती उबेत जपायची. रेडिओ लहरी रोखणाऱ्या जॅमिंगने संपर्क तुटला की दुसरा ड्रोन सोडायचा. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातला ठिपका माणूस की जनावर, हे क्षणात ठरवायचं. चुकलं तर खाली चालणारा जवान जिवाला मुकतो. शिवाय शत्रू या चालकांच्याच मागावर असतो. आपल्या लष्करानेही २०२५ मध्ये पायदळाच्या बटालियनना ड्रोन प्लाटून देण्याचं जाहीर केलं. तिथे यंत्रांच्या खरेदीइतकाच पैसा चालकांच्या सरावावर खर्च व्हायला हवा, आणि तो आतापासूनच.