ओटीपोटात दुखतंय, पण दवाखान्यात जायचं कसं? डहाणू-तलासरीतल्या मुलींसमोरचा प्रश्न

ओटीपोटात दुखणं, ताप, अंगावरून वास येणारं पांढरं जाणं. अनेक घरांत हे 'पाळीचं दुखणं' म्हणून सोडून दिलं जातं. अंगावरून थोडं पांढरं जाणं नैसर्गिक आहे. पण ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर गर्भाशयाचा आणि गर्भनलिकांचा संसर्ग असू शकतो. उपचार लांबले तर पुढे वंध्यत्व येऊ शकतं, किंवा गर्भ नलिकेतच वाढून जिवावर बेतू शकतं.

हा प्रश्न नवा आहे का?

नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 महिलांची तपासणी केली. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. 92 टक्के जणींना स्त्रीरोग होते, त्यातले जवळपास निम्मे संसर्गाचे. आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के.

उपचार काय?

प्रतिजैविकं, साधारण 14 दिवस. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात यासाठी पिवळ्या रंगाचं 'किट 6' आहे. ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं. जोडीदार असेल तर त्यालाही औषध लागतं. गरोदरपणात यातली काही औषधं चालत नाहीत, म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका. काही वेळा मूळ कारण क्षयरोगही असतं, तेव्हा उपचार वेगळे असतात.

मग अडतं कुठे?

दिवाळीनंतर डहाणू, तलासरीतली अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर कामाला जातात. तिथे 14 दिवसांचा कोर्स पूर्ण होणं अवघड. बरं वाटलं की गोळ्या थांबतात आणि दुखणं परत येतं.

दुसरी भीती पोलिसांची. 'पॉक्सो' कायद्यानुसार 18 वर्षांखालील मुलीशी लैंगिक संबंध हा गुन्हा आहे, तिची संमती असली किंवा लग्न झालेलं असलं तरी. डॉक्टरांना त्याची माहिती पोलिसांना द्यावीच लागते. सुप्रीम कोर्टाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात मुलीची ओळख उघड न करण्याची मुभा दिली, पण ती गर्भपाताच्या प्रकरणांपुरती. संसर्गावर उपचार घेणाऱ्या मुलीसाठी तेवढी स्पष्टता नाही. नवरा किंवा मित्र तुरुंगात जाईल या भीतीने ती दुखणं अंगावर काढते. अत्याचार झालेल्या मुलीला मात्र याच नियमाने संरक्षण मिळतं, त्यामुळे तो सरसकट काढूनही चालणार नाही.

दुखणं वाढत असेल तर थांबू नका. आशाताईंशी बोला, उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. आणि गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा.