मशीनचा बॉक्स ठेवायचा की भंगारात द्यायचा?

दिवाळीच्या साफसफाईत घराघरात एक भांडण ठरलेलं असतं. माळ्यावरून ड्रिल मशीनचा, ग्रायंडरचा तो जाड प्लास्टिकचा रिकामा बॉक्स खाली येतो. घरचे म्हणतात, "हे काय कामाचं, देऊन टाका भंगारात." आणि मशीनवाला म्हणतो, "राहू द्या ना, लागते कधी." मग तो बॉक्स परत माळ्यावर जातो, नाहीतर हातगाडीवर.

विषय क्षुल्लक वाटेल. नगर परिषदेच्या निवडणुका, सोयाबीनचा भाव, रस्त्याचे खड्डे सोडून हा माणूस बॉक्सवर काय लिहून राहिला, असं वाटेल. पण मशीन दुरुस्तीच्या टेबलावर इतकी वर्षं बसल्यावर मला हा विषय घरगुती वाटत नाही. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

माझं मत आधीच सांगतो. मशीन चालू आहे तोवर बॉक्स ठेवा. मशीन गेलं की बॉक्सही घालवा. पण "लागते कधी" म्हणून ठेवू नका, आणि वॉरंटीसाठी तर नाहीच. बॉक्स नसला तर वॉरंटी मिळत नाही, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. दुरुस्तीला येणारे लोक रिकामा बॉक्स सोबत घेऊन येतात आणि बिल मात्र घरी विसरतात! वॉरंटीला मुख्यतः लागतं ते बिल, कार्ड आणि मशीनच्या अंगावरच्या पट्टीवरचा नंबर. त्यातही बिल थर्मल कागदाचं असेल तर वर्षभरात कोरं होतं. खरेदीच्या दिवशीच बिलाचा आणि नंबरपट्टीचा फोटो काढून ठेवा.

मग बॉक्स कशासाठी ठेवायचा? त्यातल्या सुट्या वस्तूंसाठी.

नवा चार इंची ग्रायंडर घेतला की गार्ड, साइड हँडल आणि चकती आवळायचा पाना हे बहुतेक वेळा सुटे असतात. ड्रिलसोबत चकची चावी, खोलीची पट्टी, कधी कार्बनची जास्तीची जोडी. हे सगळं बॉक्सच्या कप्प्यांत बसलेलं असतं. दुकानातून आणल्या आणल्या माणूस मशीन उचलतो, चकती लावतो नि कामाला लागतो. गार्ड बॉक्समध्येच राहतो. दिवाळीत बॉक्स जातो, त्यासोबत गार्डही जातो. कोणी मुद्दाम फेकत नाही हो, बॉक्सच्या पोटात तो आहे हेच कोणाला आठवत नाही.

आता हिशोब करा. चार इंची ग्रायंडर रिकामा फिरताना मिनिटाला साधारण 11 हजार फेरे घेतो. चकतीचा व्यास 100 मिलिमीटर, म्हणजे कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर. ती चकती फुटली तर तुकडा कुठे जाईल हे ठरवणारी एकच गोष्ट मशीनवर असते, ती म्हणजे गार्ड. वाशिम, रिसोड, कारंजा, कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडपुढे पाच मिनिटं उभे राहा आणि गार्ड लावलेले ग्रायंडर मोजा. एका हाताची बोटं पुरतील. काही जण तर मोठी चकती किंवा लाकडाचं दातेरी ब्लेड बसावं म्हणून गार्ड काढूनच टाकतात. त्यांना मी काय सांगू! पण बाकीच्यांचा गार्ड गेला तो बॉक्ससोबत, आणि पुन्हा विकत घ्यायला कोणी दुकानात जात नाही.

चकत्यांचंही तेच. राळेने बांधलेल्या कटिंग चकत्यांना मुदत असते. बऱ्याच चकत्यांच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ओल लागली की त्या कमजोर होतात. पावसाळाभर पोत्यात सिमेंटच्या धुळीसोबत पडलेली चकती जून ते सप्टेंबर काय काय पिऊन बसते, ते दिसत नाही. बॅटरीवर चालणारं मशीन असेल तर आणखी एक भानगड. सुटी बॅटरी स्क्रू-खिळ्यांच्या डब्यात टाकली आणि खिळा दोन्ही टोकांना लागला की शॉर्ट. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 वर जातो, टिनाच्या शेडखाली त्याहून जास्त. अशा वेळी लिथियमची बॅटरी पूर्ण चार्ज करून माळ्यावर ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य आपल्या हाताने कमी करणं. अर्धी चार्ज ठेवा, खाली सावलीत ठेवा. आणि उंदीर! खेड्यातल्या घरात वायरचा पहिला शत्रू उंदीर. बॉक्सला कडी असेल तर वायर वाचते. कडी तुटली असेल तर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, काम भागतं.

आता दुसरी बाजू. मालेगाव किंवा मानोऱ्याकडचा मिस्त्री मोटरसायकलवर तीन गावं फिरतो. मागे सिडी बांधलेली, समोर पिशवी. पुण्या-मुंबईला कामाला जाणारा गडी एसटीच्या टपावर नाहीतर रेल्वेच्या डब्यात बाकाखाली सामान कोंबतो. त्याला हा बॉक्स नेणं जमत नाही. त्याची चूक नाही. हे बॉक्स दुकानाच्या फळीवर दिसायला बनवलेले असतात. चकती लावलेली असेल तर ग्रायंडर आत बसत नाही, आणि नवी कडक वायर दुमडून झाकण लावता लावता घाम फुटतो. त्यामुळे तो खताच्या पोत्यात सगळं भरतो. अशा माणसाला मी बॉक्स ठेव म्हणणार नाही. जाड कॅनव्हासची, आत दोन खिसे असलेली पिशवी शिवून घे म्हणेन. एका खिशात गार्ड-हँडल-पाना, दुसऱ्यात चकत्या.

आता मुद्द्याच्या सरकारी बाजूकडे येतो, कारण पेटी म्हटलं की आपल्या जिल्ह्यात लोकांना ड्रिलचा बॉक्स आठवतच नाही. आठवते ती बांधकाम कामगार मंडळाची पेटी. 1996 च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर बसला. त्या पैशातून नोंदणीकृत कामगारांना संच मिळू लागले. सुरक्षा संचात हेल्मेट, हार्नेस, बूट, गॉगल, हातमोजे. योजनेचं नाव काहीही असो, गावात ती "पेटीची योजना". तालुक्याच्या ठिकाणी वाटप असलं की पहाटेपासून रांग. मोटरसायकलच्या मागे पेटी बांधून नेणारे नवरा-बायको सगळ्यांनी पाहिलेत.

गंमत बघा. ड्रिलच्या बाबतीत आपण बॉक्स फेकतो आणि मशीन ठेवतो. इथे उलटं, पत्र्याची पेटी टिकते. तिच्यात साड्या, सातबारा, पोराचे दाखले, सगळं नीट. आणि हार्नेस गोठ्यात, बैलाच्या दाव्याशेजारी. हेल्मेटात कोंबडीला पाणी. यावर हसणं सोपं आहे. पण ज्या बांधकामावर हार्नेस अडकवायला वर दोरच नसतो, तिथे तो नेऊन माणूस करणार काय? आणि जिथे ठेकेदार हेल्मेटवाल्याला "लई साहेब झाला का बे" म्हणतो, तिथे दुसऱ्या दिवशी तो ते घरीच ठेवतो. संच वाटताना जेवढी मोजणी होते, तेवढी साइटवर होत नाही. पेटी किती गेल्या याचा आकडा प्रत्येक पुढाऱ्याकडे असतो. हार्नेस किती जणांच्या अंगावर आहे हे त्यांना कोणी विचारतही नाही.

17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. 18 पारंपरिक व्यवसाय, पाच-सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी 15 हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर. योजनेला माझा विरोध नाही. लोहाराला, सुताराला चांगलं हत्यार मिळालं तर आनंदच आहे. माझी मागणी छोटी आहे. त्या पाच-सात दिवसांत एक तास बॉक्स उघडून दाखवायला ठेवा. हा गार्ड, असा बसतो. हे हँडल, डाव्या हातात. चकतीची मुदत इथे वाचायची. कार्बन झिजला की असा आवाज येतो, तेव्हाच बदल, आर्मेचर जळायची वाट पाहू नको. आणि तपासणीला जाणाऱ्या साहेबांनी लाभार्थ्याचा किटसोबत फोटो काढण्याऐवजी सहा महिन्यांनी त्याचं मशीन एकदा चालवून बघावं. गार्ड आहे की नाही तेवढं तरी लिहून आणावं.

राहिला प्रश्न मशीन गेल्यावर उरलेल्या बॉक्सचा. बरेचसे बॉक्स एचडीपीई प्लास्टिकचे असतात. तळाशी त्रिकोणात 2 लिहिलेलं असेल तर भंगारवाला घेतो, त्याला पुढे भाव आहे. आतला फोम मात्र कोणी घेत नाही, तो आधीच वेगळा काढा. थंडीत शेकोटीत टाकू नका. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्येच बंदी घातली आहे, दंड 5 हजार. आपल्या जिल्ह्यात तो दंड भरलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आणि जळालेलं मशीन? 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत ड्रिल आणि करवतीही येतात, त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी कंपनीवर टाकलेली आहे. कागदावर. आपल्या गावात मात्र ते मशीन तांब्यासाठी फोडलं जातं नि उरलेलं नाल्यात जातं.

वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोडच्या नगर परिषदांनी दिवाळीच्या आठवड्यात एक गाडी फक्त कडक प्लास्टिक आणि जुन्या मशीनसाठी फिरवली तरी पुष्कळ होईल. घंटागाडी तशीही येतेच. वॉर्डातल्या नगरसेवकाला याच आठवड्यात विचारा. आणि बॉक्स गाडीत टाकण्याआधी एकदा उघडून खालचा कप्पा बघा, गार्ड तिथेच असेल.