संगणकातील ठेव हरवली तर
वाचकहो, घरच्या संगणकातील लग्नाची छायाचित्रे, जमिनीचे कागद एकाएकी दिसेनासे झाले, तर प्रथम संगणक बंद करावा. हार्ड डिस्क खटखट वाजत असेल, तर ती पुन्हा चालवूच नये; जाणत्या कारागिराकडे न्यावी. आत फिरणाऱ्या चकतीवर ओरखडा पडल्यास उरलेलेही जाईल. आवाज नसेल, तर केबल नीट बसली आहे ना, ते पाहावे व डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून पाहावी. अशा डिस्कवरील फाइल पुसली म्हणजे बहुधा केवळ तिची नोंद जाते. मजकूर तेथेच राहतो. त्यावर नवे लिहिले गेले, की मात्र तो कायमचा नष्ट होतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी सर्व मजकुराची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. आणि पुढे? महत्त्वाच्या ठेवीच्या ३ प्रती असाव्यात, त्यांतील एक घराबाहेर. सारे धान्य एकाच कणगीत कोणता शेतकरी ठेवतो?