रात्रीची गोळी, सकाळचा तास

मी अकोले तालुक्यातल्या गावातून एसटीने संगमनेरला येते, बारावीला आहे. रात्री मानसिक आजारावरची ओलान्झापीनची गोळी घेते. तिची गुंगी पहिल्या तासापर्यंत रेंगाळते. फळ्यावरचं समीकरण दिसतं, पण वहीत उतरेपर्यंत अर्धं निसटतं. मग शिक्षकांचं "लक्ष कुठंय तुझं?" आणि घरी शेजारच्या काकूंचा सल्ला: परीक्षेपुरत्या गोळ्या बंद कर.

हा सल्ला फार महागात पडू शकतो. मनाने गोळ्या थांबवल्या की आजार उलटू शकतो, मग अख्खं वर्षच हातचं जाऊ शकतं. त्यापेक्षा डॉक्टरांना गुंगीबद्दल स्पष्ट सांगावं. माझ्या डॉक्टरांनी गोळीची वेळ अलीकडे आणली, सकाळ जरा हलकी झाली. सगळ्यांचं असं नसतं. लिथियमच्या गोळीने कुणाचा हात थरथरतो, मग प्रयोगशाळेत ब्युरेट धरणंही अवघड.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. केंद्राच्या सूचनांनुसार तीन तासांच्या पेपरला तासभर जादा मिळू शकतो, पण त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं. माझ्यासारखीला तो कागद नको, नगरच्या चकरा नकोत आणि गावभर चर्चा तर नकोच. प्रात्यक्षिकाला दुपारची बॅच, फळ्याचा फोटो काढायची मुभा, तोंडी परीक्षेत विचार करायला मिनिटभर जास्त, एवढंच हवं. यासाठी शासन निर्णय कशाला? एसटी चुकली तरी बॅच बदलून मिळतेच की!